कुत्र्याचा कोंडलेला श्वास : परीक्षा व उपाय

बैल लंगडूं लागला किंवा म्हशीनें वैरण टाकली, तर शेतकरी त्याच दिवशीं गुरांच्या दवाखान्याची वाट धरितो. वस्तीची राखण करणारें कुत्रें आजारी पडलें, तर मात्र ‘दोन दिवस उपाशी राहील व आपोआप बरें होईल’ असें म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतें. पुष्कळ आजारांत हें दुर्लक्ष खपूनही जातें. कारण गांवठी कुत्र्याची जात काटक आहे. परंतु एक प्रसंग असा आहे कीं, त्यांत दोन दिवस तर राहोच, दोन घटकांचाही अवकाश मिळत नाहीं. तो प्रसंग म्हणजे नाकापासून छातीपर्यंतची श्वासाची वाट कोंडणें हा होय.

आमच्या उमरगा तालुक्यांत शिवारांत वस्ती करून राहणारे शेतकरी, मेंढरें राखणारे धनगर व ऊंसतोडीस जाणारीं कुटुंबें यांचा कुत्र्यावांचून निभाव लागत नाहीं. रानडुकरांची चाहूल, चोराची चाहूल, दावणीजवळ आलेलें साप-किरडूं, या सर्वांची पहिली वर्दी तेंच देतें. असा सेवक डोळ्यांदेखत गुदमरूं लागला म्हणजे घरांतील माणसें गडबडून जातात, व त्या गडबडींत दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी कांहींच करीत नाहीं, आणि कुत्रें मरतें. कोणी दयेच्या भरांत तोंडांत हात घालून हाड शोधूं लागतो. आणि तेथें हाड नसून पिसाळण्याचा रोग असला, तर स्वतःचा जीव धोक्यांत घालतो. पहिल्या चुकीनें कुत्रें जातें. दुसऱ्या चुकीनें घरचा माणूस जातो. म्हणून कोंडलेला श्वास कसा ओळखावा, कोणत्या कुत्र्याच्या तोंडाजवळ हात न्यावा व कोणत्याच्या नेऊं नये, हें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे. आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. पशुवैद्याचा अधिकार आम्हांस नाहीं, व त्याची जागा या लेखानें भरून निघावयाचीही नाहीं. वैद्याची गांठ पडेपर्यंत मालकानें काय पहावें व काय करावें, एवढाच येथें हेतु आहे.

श्वासाची वाट

शेताची हद्द ठरवितांना जशी प्रथम चतुःसीमा पाहतात, तशी या रोगाचें ठिकाण ठरवितांना श्वासाच्या वाटेची चतुःसीमा पाहिली पाहिजे. नाकपुड्यांतून शिरलेला वारा नाकाच्या आंतील वळणांतून मागें जातो. तेथें टाळूच्या मागील टोकास एक मांसल पडदा असतो. त्यास मऊ टाळू म्हणतात. त्यापुढें घसा. घशांत अन्नाची वाट व वाऱ्याची वाट एकमेकींस ओलांडतात. म्हणून कंठाच्या तोंडाशीं निसर्गानें एक झांकण ठेविलें आहे. घांस गिळतांना तें मिटतें व श्वास घेतांना उघडतें. कंठांत दोन बाजूंस दोन पडदे असून श्वास घेतांना ते दाराच्या फळ्यांप्रमाणें बाजूस सरतात; भुंकण्याचा आवाजही तेथेंच उत्पन्न होतो. कंठाखालीं श्वासनलिका. ती ३५ ते ४५ कूर्चेच्या कड्यांची बनलेली असते, व प्रत्येक कडी घोड्याच्या नालासारखी एका बाजूस उघडी असते. ही नलिका छातींत शिरेपर्यंतचा जो भाग, तो श्वासमार्गाचा वरचा भाग. फुफ्फुसांचे रोग याहून निराळे होत.

या वाटेविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, नळीची रुंदी निम्मी झाली, तर पूर्वीइतकाच वारा ओढण्यास दुप्पट नव्हे, तर सुमारें सोळापट जोर लागतो. म्हणून बाहेरून क्षुल्लक दिसणारी सूजही आंत प्राणघातक ठरते. दुसरी गोष्ट विहिरीवर इंजिन चालविणाऱ्यास लगेच पटेल. पाणी ओढणारी नळी मऊ असली व तिचें तोंड गाळानें अर्धें बुजलें, तर इंजिन जितका जोर करील तितकी ती नळी चपटी होत जाते. कंठाचीही तीच गत आहे. श्वास आंत ओढतांना कंठ व मऊ टाळू हे भाग आंत खेंचले जाऊन वाट आणखी अरुंद होते. श्वास सोडतांना तीच वाट वाऱ्याच्या दाबानें मोकळी होते.

यांत आणखी एक अडचण आहे. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. तोंड उघडून धापा टाकणें हेंच त्याचें अंग थंड करण्याचें मुख्य साधन. वाट अडली कीं अंग तापतें. अंग तापलें कीं धापा वाढतात. धापांनीं घसा अधिक सुजतो, आणि सुजल्यानें वाट अधिकच अडते. हें रहाट उलटें फिरविणें हेंच सर्व उपचारांचें सार आहे.

दुरून करावयाची परीक्षा

परीक्षा दुरूनच सुरू करावी. कुत्र्यास धरूं नये, उचलूं नये, ओरडून घाबरवूं नये. चार हातांवर शांतपणें उभें राहून पुढील गोष्टी पहाव्या.

१. आवाज केव्हां होतो? छातीची हालचाल पहावी व आवाज ऐकावा. श्वास आंत घेतांना आवाज व कष्ट होत असतील, तर अडथळा वरच्या वाटेंत आहे असें समजावें. बाहेर सोडतांनाच पोट दाबून जोर करावा लागत असेल, तर दोष बहुधा छातीच्या आंत आहे. निजलेलें निरोगी कुत्रें मिनिटांत सुमारें १५ ते ३० वेळां श्वास घेतें व त्याचा आवाज होत नाहीं.

२. आवाज कसा आहे? घोरल्यासारखा असेल तर नाकाचा मागील भाग किंवा मऊ टाळू. शीळ किंवा करवत चालल्यासारखा असेल तर कंठ. आणि बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला असेल तर श्वासनलिका. भुंकण्याचा आवाज बसला किंवा बदलला असेल, तर तीही नोंद महत्त्वाची. तिचा उपयोग पुढें सांगितला आहे.

३. उभें राहण्याची ढब. श्वास कोंडलेलें कुत्रें मान लांब करितें, पुढील कोपर अंगापासून दूर ठेवितें व आडवें पडण्यास नाखूष असतें.

४. हिरड्यांचा रंग. गुलाबी रंग ठीक. पांढुरका किंवा निळसर रंग धोक्याचा. ज्याच्या हिरड्या जन्मतः काळ्या आहेत, त्याची जीभ पहावी. मात्र निळा रंग फार उशिरां येतो. गोचिडांमुळें रक्त कमी झालेल्या कुत्र्यांत तो येतही नाहीं. तेव्हां हिरड्या निळ्या होण्याची वाट पाहत बसूं नये.

५. आरंभ कसा झाला? हाड खातां खातां एकाएकीं झाला, उन्हांत धांवल्यावर झाला, कीं महिनोन्महिने हळूहळू वाढला, हें घरच्या माणसांशिवाय दुसरा कोणी सांगूं शकत नाहीं.

कांहीं लक्षणें फसवीं असतात. हाड अन्ननलिकेंत अडकलें असतां कुत्रें लाळ गाळतें, खाल्लेलें लगेच परत काढतें; परंतु श्वास बहुधा चालू असतो. त्यासही वैद्याकडे नेलेंच पाहिजे, पण तो प्रकार मिनिटांचा नव्हे. टाळूवर दाढांच्या मध्यें हाडाचा तुकडा आडवा बसला असतां कुत्रें पंजानें सारखें तोंड खाजवितें; तेथेंही श्वास मोकळा असतो. सांथीच्या खोकल्यांत कुत्रें घशांत कांहीं अडकल्यासारखें खोकून शेवटीं ओकारी काढतें. तो खोकला दिवसेंदिवस चालतो व एकास झाला कीं शेजारच्यास होतो. कांहीं कुत्रीं मान ताठ करून नाकानें भराभर घुर्र-घुर्र असा वारा आंत ओढतात. यास उलटी शिंक म्हणतात. ती मिनिटाभरांत आपोआप थांबते व नंतर कुत्रें पूर्ववत् असतें. गाईम्हशींचा घसा सुजवून घुरघुर लावणारा घटसर्प शेतकऱ्यांस ठाऊक आहे. पण तो मुख्यतः गाईम्हशींचा रोग असून कुत्र्याचा गळा सुजला तर कारण दुसरें शोधावें.

तोंडाजवळ हात नेण्यापूर्वी

या लेखांतील दुसरें कांहीं विसरलें तरी चालेल. हा भाग मात्र विसरूं नये.

समजा, मुरूम शिवारांतील एका वस्तीवर कुत्रें सकाळपासून जबडा लोंबता टाकून बसलें आहे. लाळ गळत आहे, पाणी गिळवत नाहीं, घशांतून घरघर येते. घरांतील मंडळी म्हणतात, ‘काल मटण झालें, हाड अडकलें असेल.’ एक जण जबडा धरतो, दुसरा बोटें घालतो. हाड लागत नाहीं, हातास दांत खरचटतात, आणि दोन-तीन दिवसांनीं कुत्रें मरतें. हाड मुळीं नव्हतेंच. कुत्रें पिसाळलेलें होतें.

पिसाळलेलें कुत्रें म्हणजे धांवत सुटणारें व दिसेल त्यास चावणारें, अशी सर्वांची समजूत आहे. रेबीजचा तो एक प्रकार झाला. दुसरा प्रकार मुका आहे. त्यांत जबड्याचे व घशाचे स्नायु लुळे पडतात. म्हणून तोंड मिटत नाहीं, गिळवत नाहीं, लाळ गळते, भुंकणें घोगरें होतें. पाहणारास हुबेहूब वाटतें कीं, घशांत कांहीं अडकलें आहे. रोगाचें विष लाळेंत असतें, आणि तें लक्षणें दिसण्यापूर्वीं कांहीं दिवसांपासून येऊं लागतें. चावा लागलाच पाहिजे असें नाहीं. ओरखड्यावर, नखाजवळील चिरेवर, डोळ्यांत किंवा ओंठांवर लाळ लागली तरी पुरें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें या रोगानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात, व बहुतेकांस तो कुत्र्यापासूनच लागलेला असतो. लक्षणें उमटल्यावर या रोगांतून माणूस वांचणें जवळजवळ अशक्य आहे. परंतु लक्षणांपूर्वीं योग्य उपचार झाला तर तो बहुतेक निश्चयानें टळतो.

यासाठीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. कुत्र्यानें हाड किंवा दुसरी वस्तु गिळतांना कोणी प्रत्यक्ष पाहिलें काय? गेल्या वर्षाच्या आंत त्यास रेबीजची लस टोंचली आहे काय? आदल्या दिवसापर्यंत त्याचें वागणें, चालणें व भुंकणें नेहमींसारखें होतें काय? तिन्ही उत्तरें ‘होय’ असलीं, तरच तोंडाजवळ हात नेण्याचा विचार करावा. एकही उत्तर ‘नाहीं’ किंवा ‘सांगतां येत नाहीं’ असें असलें, तर पिसाळलें आहे असें धरूनच वागावें. कुत्र्यास खोलींत किंवा गोठ्यांत कोंडावें, मुलांस दूर ठेवावें व पशुवैद्यास बोलवावें.

गुरांच्या बाबतींतही हीच सावधगिरी लागू आहे. पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या गाईचा किंवा बैलाचा घसा लुळा पडतो, आणि मालक चारा अडकला असें समजून कोपरापर्यंत हात घालतो किंवा नाळीनें औषध पाजतो. जनावराच्या तोंडांतील लाळ माणसाच्या हातावर येण्याची यापेक्षां मोठी सोय नाहीं.

लाळ लागलीच, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबण लावून पुरीं १५ मिनिटें धुवावी. तिखट, चुना, तेल, हळद यांपैकीं कांहीं लावूं नये. त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत जावें. लस दंडाच्या स्नायूंत देतात तेथें ०, ३, ७, १४ व २८ या दिवशीं देतात. कातडींत देतात तेथें ०, ३, ७ व २८ या दिवशीं. कातडी फाटली असल्यास किंवा डोळ्यांत वा तोंडांत लाळ गेली असल्यास जखमेचें सीरमही घ्यावें लागतें. पोटांत चौदा इंजेक्शनें घ्यावीं लागतात ही जुनी भीति आतां निराधार आहे. मेंढराच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशांत २००४ सालच्या अखेरीस बंद झाली. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं पहिल्या मुलास लस टोंचली तेव्हांपासून आजपर्यंत या शास्त्रानें पुष्कळ मजल मारली आहे. तिचा लाभ न घेणें हाच आतां मोठा धोका आहे.

वाट अडण्याचीं कारणें

अडकलेली वस्तु. शिजविलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोंकदार चिरफळ्या होतात. म्हणून तें कच्च्या हाडापेक्षां वाईट. मुलांचा रबरी चेंडू घशांत नेमका बसतो व ओला झाल्यावर निसटून हातीं लागत नाहीं. पावसाळा सरतांना माळावरील कुसळी गवताचें कुसळ नाकांत शिरतें. तेव्हां एकाएकीं शिंकांची सरबत्ती सुरू होते व एकाच नाकपुडींतून पाणी, पुढें रक्त किंवा पू येतो. कुसळ पुढेंच सरकतें, मागें येत नाहीं. तें वैद्यानेंच काढावें.

दंश. कुत्रें सापास नाकानें हुंगतें, म्हणून सर्पदंश पुष्कळदां मुस्कटावरच होतो. घोणस चावली तर तोंड व गळा भराभर सुजतो. नाग किंवा मण्यार चावल्यास सूज थोडी असूनही घशाचे व श्वासाचे स्नायु लुळे पडतात. मधमाश्या उठल्या असतां कुत्रें त्यांस तोंडानें धरूं पाहतें, आणि घशांत डंख बसून आंतून सूज येते.

गळ्यांतील दोरी. पिल्लूं आणल्या दिवशीं गळ्यांत सुतळी बांधतात व विसरतात. पिल्लूं वाढतें, सुतळी वाढत नाहीं. ती केसांखालीं कातडींत रुतत जाते. हें कारण लाजिरवाणें आहे, कारण तें सर्वस्वी माणसानें केलेलें असतें.

वार्धक्य. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत, विशेषतः लॅब्रॅडॉरमध्यें, कंठाचे पडदे हलेनासे होतात. प्रथम भुंकणें बदलतें, पाणी पितांना ठसका लागतो, नंतर चाललें कीं करवतीसारखा आवाज येतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिकेच्या कड्या ढिल्या पडून नळी चपटी होते.

जातीचा दोष. मराठवाडा व उत्तर कर्नाटक या पट्ट्यांतील मूळचीं शिकारी कुत्रीं, म्हणजे कारवान किंवा मुधोळ, हीं लांब मुस्कटाचीं आहेत. टपाल खात्यानें २००५ सालीं मुधोळ जातीचें तिकीटही काढलें. लांब मुस्कटांत वाऱ्यास मोकळी वाट असते. उलट, पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत हाडें आंखूड झालीं, पण आंतील मांस तितकेंच राहिलें. म्हणून नाकपुड्या चिमटलेल्या, मऊ टाळू लांब व घसा दाटलेला असतो. २००३ च्या सुमारास एका भ्रमणध्वनि कंपनीच्या जाहिरातींत असें कुत्रें झळकलें, आणि तेव्हांपासून त्याची हौस मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचली. त्याचें घोरणें लोकांस गमतीचें वाटतें. वस्तुतः तो कोंडलेल्या श्वासाचा आवाज असतो. आमच्याकडील वैशाखाचा उन्हाळा अशा कुत्र्यास पेलणारा नव्हे. नेदरलँड्स देशानें तर फार आंखूड मुस्कटाच्या कुत्र्यांची पैदास करण्यास मनाई केली आहे.

तत्काळ उपाय

१. कुत्रें खोकत असेल व हिरड्या गुलाबी असतील, तर वारा अजून जात-येत आहे. त्यास खोकूं द्यावें. निसर्गाचा खोकला आपल्या हातापेक्षां बळकट आहे. गळ्यांतील पट्टा किंवा साखळी काढून सांवलींत ठेवावें व वैद्यास कळवावें.

२. वर सांगितलेल्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें ‘होय’ असून वारा मुळींच जात नसेल, तर दोघांनीं मिळून तोंड पहावें. एकानें वरचा ओंठ दांतांवर दाबून जबडा वर धरावा. दुसऱ्यानें विजेरीनें पहावें. वस्तु दिसली तरच ती चिमट्यानें किंवा लहान सांडशीनें ओढावी. न दिसतां चांचपूं नये. त्यानें वस्तु अधिक आंत जाते. जिभेच्या मुळाशीं जो हाडासारखा कडक भाग लागतो, तो कुत्र्याचाच अवयव आहे. तो ओढूं नये. चेंडू असल्यास बाहेरून जबड्याच्या कोपऱ्याखालीं दोन्ही अंगठे ठेवून तो पुढें लोटावा.

३. वस्तु निघाली नाहीं किंवा तोंडांत हात घालणें धोक्याचें असलें, तर मागून उपाय करावा. लहान कुत्र्यास मागील मांड्या धरून डोकें खालीं करावें. मोठ्याचे मागील पाय ढकलगाडीच्या दांड्यांप्रमाणें उचलावे. दोन खांद्यांच्या मध्यें तळहातानें पांच थापा माराव्या.

४. तेवढ्यानें न भागल्यास पाठीमागें उभें राहून दोन्ही हातांची मिठी बरगड्यांच्या खालीं पोटाभोंवतीं घालावी, व मूठ आंत आणि पुढील बाजूस पांच वेळां झटक्यानें दाबावी. अमेरिकेंतील डॉक्टर हेन्री हायम्लिक यांनीं १९७४ सालीं माणसासाठीं सुचविलेल्या रीतीचेंच हें रूप आहे. लहान कुत्र्यावर बेतानेंच जोर करावा. नाहीं तर बरगडी मोडते.

५. कुत्रें निश्चेष्ट पडलें तर कुशीवर निजवून छातीवर मिनिटास १०० ते १२० या गतीनें दाब द्यावा. या दाबानेंही पुष्कळदां अडकलेली वस्तु वर येते. वस्तु निघून कुत्रें शुद्धीवर आलें, तरी त्यास वैद्यास दाखवावेंच. घशाची सूज कांहीं तासांनीं वाढूं शकते.

६. उन्हानें श्वास कोंडला असेल, तर सांवलींत नेऊन पोट, मांड्या व पंजे विहिरीच्या साध्या पाण्यानें भिजवावे व वारा घालावा. कुत्र्याच्या अंगाची उष्णता स्वभावतः १०१ ते १०२॥ अंश असते. १०४ च्या वर गेली कीं धोका सुरू होतो. ती १०३ पर्यंत उतरतांच पाणी घालणें थांबवावें. आधीं अंग गार करावें, मग दवाखान्याकडे निघावें. वाहनांतही वारा खेळता ठेवावा.

७. सर्पदंश किंवा मधमाश्यांचा दंश असेल, तर घरीं उपाय करण्यांत वेळ घालवूं नये. पट्टा काढावा, कुत्र्यास चालवूं नये, उचलून न्यावें.

काय करूं नये

हाड खालीं ढकलण्यासाठीं भाताचा किंवा भाकरीचा गोळा भरवूं नये. तूप, तेल, दूध पाजूं नये. ज्यास गिळवत नाहीं त्याच्या तोंडांत ओतलेलें सर्व फुफ्फुसांत जातें व आठवड्याभरानें कुत्रें न्युमोनियानें मरतें. गळ्यावर डाग देऊं नये. त्यानें आंतील अडथळा हलत नाहीं, बाहेर मात्र जखम होते. चावेल या भीतीनें तोंड बांधूं नये; ज्याचा श्वास कोंडला आहे त्याचें उरलेलें एकच दार त्यामुळें बंद होतें. गुंगीचें औषध मनानें देऊं नये.

वैद्याचें काम

वैद्य प्रथम प्राणवायु देतो, व भीतीनें चाललेली ओढाताण थांबावी म्हणून मोजकें गुंगीचें इंजेक्शन देतो; सूज उतरण्याचें इंजेक्शन देतो; आणि भूल देऊन तोंडावाटे श्वासनलिकेंत नळी बसवितो. वरून वाट मिळाली नाहीं, तर गळ्याच्या पुढील बाजूनें नलिकेच्या दोन कड्यांच्या मध्यें छिद्र करून नळी बसवितात. ही क्रिया पाहणारास भयंकर वाटते, पण तीच प्राण वांचविते. सूज उतरल्यावर छिद्र भरून येतें. पुढें क्ष-किरणानें किंवा दुर्बिणीनें कारण शोधतात. चिमटलेल्या नाकपुड्या रुंद करणें, लांब टाळू कापून आंखूड करणें, लुळ्या पडद्यापैकीं एक बाजूस बांधून टाकणें, या शस्त्रक्रिया आतां रूढ झाल्या आहेत. लठ्ठ कुत्र्याचें वजन उतरविणें व गळ्यांतील पट्ट्याऐवजीं छातीवरून पट्टा घालणें, एवढ्यानेंही पुष्कळांस आराम पडतो.

साध्या प्रसंगीं तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना पुरतो. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठीं १९६२ हा क्रमांक आहे. शस्त्रक्रियेची गरज पडल्यास उदगीर व परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयें आपल्या बाजूस आहेत. वैद्याकडे जातांना तोंडीं वर्णनावर विसंबूं नये. प्रारंभ केव्हां व कशानें झाला, आवाज केव्हां होतो, काय खाल्लें, लस केव्हां टोंचली, कोण चावलें, आणि कोणाकोणाच्या हातास लाळ लागली, हें चार ओळींत लिहून न्यावें. भ्रमणध्वनींत श्वासाचा आवाज व चित्र उतरून नेल्यास फारच उत्तम. कारण दवाखान्यांत पोंचेपर्यंत लक्षण पुष्कळदां लपतें.

पूर्वतयारी

शिजविलेलीं हाडें उकिरड्यावर न टाकतां पुरावीं. जत्रेच्या व सणाच्या दुसऱ्या दिवशीं हें विशेष पहावें. गळ्यांतील पट्ट्यांतून दोन बोटें सहज जावींत. पिल्लाच्या गळ्याभोंवतीं आठवड्यांतून एकदां हात फिरवावा. दुपारीं साखळीच्या टप्प्यांत सांवली व पाणी असावें. आणि लस : पिल्लूं तीन महिन्यांचें झालें कीं रेबीजची पहिली, वैद्य सांगेल तेव्हां दुसरी, व पुढें प्रतिवर्षीं.

घरोघरीं भिंतीवरील पंचांगाच्या कडेस म्हैस व्याल्याची व बी पेरल्याची तारीख लिहिलेली आढळते. त्याच कडेस कुत्र्यास लस टोंचल्याची तारीख लिहून ठेवावी. कुत्रें जबडा उघडून समोर उभें राहील, त्या दिवशीं हात पुढें करावा कीं मागें घ्यावा, याचा निर्णय करतांना ती एक ओळ पहिल्यानें पहावी लागेल.